सव्वादोन रुपयांचा डॉलर : वैनगंगेकाठच्या सात नाण्यांची गोष्ट

१/
गोसीखुर्द म्हटले की डोळ्यांपुढे धरण येते. आजचा धागा मात्र धरणाचा नाही. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका घरातून बाहेर आलेल्या सात रुपयांचा तो आहे. त्या सातांपैकी तीन रुपयांवर १९१८ हे साल आहे, आणि त्या सालामागे अमेरिकेत वितळवल्या गेलेल्या सत्तावीस कोटी चांदीच्या डॉलरांची कथा आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
ते घर आमचे. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले आणि पुढच्या काळात भंडारा व नागपूर जिल्ह्यांतली अनेक गावे बुडिताच्या यादीत आली. आमचेही त्यात होते. घर सोडताना आजीने जात्याचा खुंटा, देव आणि एक कापडी बटवा सोबत घेतला. बटव्यात सात रुपये होते. ती त्यांना ‘कलदार’ म्हणे. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या ताटात ते यायचे आणि पुन्हा बटव्यात जायचे.

३/
मागल्या वर्षी घराचे छत गळू लागले. त्याच सुमारास चांदीचा भाव चढला होता. काकांनी हिशेब मांडला की सातही रुपये मोडले तर पत्र्याचा खर्च निघेल. आजी एवढेच म्हणाली, “मोडलं का गेलं, बापू.” इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्या वाक्यापुढे थांबावे लागले. मोडले की नेमके काय जाते? हा धागा त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना तयार झाला आहे.

४/
आधी सातही रुपयांची ओळख करून घेऊ. एक राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरियाचा. एक सातव्या एडवर्डचा. तीन पंचम जॉर्जचे, १९१८ चे. उरलेले दोन सहाव्या जॉर्जचे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले. हे शेवटचे दोन हातात घेताच वेगळे लागतात. रंग मळकट, नाद बसका. त्यांचे कारण पुढे येईल.

५/
पहिल्या पाचांचे वजन एकच, १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. हेच एका तोळ्याचे वजन. म्हणून पूर्वी सराफ तराजूच्या एका पारड्यात रुपयाच ठेवत आणि ‘रुपयाभार’ हे माप बोलण्यात रुळले. शुद्धता बारा भागांत अकरा. म्हणजे एका रुपयात निव्वळ चांदी १६५ ग्रेन. हा १६५ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडेल.

६/
हे प्रमाण १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या सगळ्या मुलखासाठी ठरवले. आपला भाग तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता आणि येथे भोसल्यांचा नागपुरी रुपया चाले. १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले. त्यानंतर हळूहळू भोसल्यांचे रुपये आटले आणि त्यांच्या जागी यंत्रावर पाडलेला, काठाला दाते असलेला ‘कलदार’ आला. म्हणजे वैनगंगेकाठी नाणी वितळण्याची ही पहिली वेळ नव्हे.

७/
आता जरा दूर जाऊ. अमेरिकेच्या नेवाडा प्रांतात १८५९ साली कॉमस्टॉक नावाची चांदीची मोठी खाण उघडकीस आली. चांदीचा पूर आला, भाव पडू लागले आणि खाणमालकांनी सरकारकडे धाव घेतली. १८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने सरकारवर बंधन घातले की दर महिन्याला किमान वीस लाख डॉलरची चांदी विकत घ्यायची आणि तिची नाणी पाडायची.

८/
त्या कायद्यातून जन्मले ते नाणे म्हणजे मॉर्गन डॉलर. जॉर्ज मॉर्गन हा त्याचा शिल्पी. एका बाजूला स्वातंत्र्यदेवतेचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. वजन ४१२.५ ग्रेन, म्हणजे २६.७३ ग्रॅम. व्यास ३८.१ मिलिमीटर. दहा भागांत नऊ भाग चांदी. म्हणजे निव्वळ चांदी ३७१.२५ ग्रेन.

९/
आता मघाचा आकडा काढा. ३७१.२५ ला १६५ ने भागा. उत्तर येते २.२५, अगदी नेमके. एका अमेरिकी डॉलरातल्या चांदीत आपले सव्वादोन रुपये बसत. हा निव्वळ योगायोग आहे. दोन्ही देशांनी आपापली मापे स्वतंत्रपणे ठरवली होती. पण हा भागाकार १९१८ साली कोट्यवधी वेळा प्रत्यक्षात उतरणार होता.

१०/
मॉर्गन डॉलर पाडले गेले खरे, पण वापरले गेले नाहीत. अमेरिकी माणसाला ते जड नाणे खिशात बाळगण्याचा कंटाळा. सरकारने त्या चांदीच्या तारणावर कागदी प्रमाणपत्रे काढली आणि लोकांनी ती आनंदाने स्वीकारली. डॉलर पोत्यांत भरून तिजोऱ्यांत पडून राहिले. १९०४ साली नाणी पाडणेही थांबले. तिकडे लोकांना धातू नको होता, कागद हवा होता.

११/
आपल्याकडे बरोबर उलटे. येथे लोकांना कागद नको होता, धातू हवा होता. धान विकून आलेला रुपया फरशीवर वाजवून घ्यायचा, खणखणला तरच गाठीला बांधायचा, ही रीत. ‘बंदा रुपया’ हा शब्दच त्या विश्वासातून आलेला आहे. सुगीत रुपया खेड्यात जाई आणि पुष्कळदा तेथेच राही. कधी मडक्यात, कधी भिंतीच्या कोनाड्यात, कधी भोक पाडून गळ्यातल्या माळेत.

१२/
पहिले महायुद्ध सुरू झाले. हिंदुस्थानातून ताग, गहू, कातडी यांची निर्यात वाढली. मेसोपोटेमियाच्या मोहिमेचा खर्च ब्रिटनच्या वतीने हिंदुस्थान सरकार रुपयांत भागवत होते. या सगळ्याचे पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा होत, पण येथल्या शेतकऱ्याला, हमालाला, शिपायाला रुपया हातात द्यावा लागे. रुपया पाडायला चांदी हवी, आणि चांदी जगभरात महाग होत चालली होती.

१३/
१९१५ साली लंडनमध्ये चांदी औंसाला सुमारे २७ पेन्स होती. सप्टेंबर १९१७ मध्ये ती ५५ पेन्सांवर पोचली. रुपयाचा सरकारी दर होता १६ पेन्स, आणि चांदीचा भाव ४३ पेन्सांच्या वर गेला की रुपयातली चांदी रुपयापेक्षा महाग ठरे. मग रुपया खर्चायचा कशाला, तो आटवावा! सरकारने जून १९१७ मध्ये नाणी वितळवण्यास बंदी केली आणि सप्टेंबरमध्ये चांदीची खासगी आयातही थांबवली.

१४/
कागदाचा आधार घेण्याचाही प्रयत्न झाला. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट निघाली. पाठोपाठ जानेवारी १९१८ मध्ये अडीच रुपयांची नोट आली, तिच्यावर ‘दोन रुपये आठ आणे’ असे मूल्य होते. आज संग्राहक या दोन्ही नोटांसाठी जीव टाकतात. तेव्हा मात्र खेड्यांतून त्यांना कसर लावली जाई. नोट रुपयाची, पण बाजारात मिळे त्याहून कमी.

१५/
मार्च १९१८ मध्ये जर्मनीने पश्चिम आघाडीवर मोठी चढाई केली. त्या बातम्या आणि अफवा येथे पोचल्या आणि लोक नोटा घेऊन रुपये मागायला धावले. सरकारी गंगाजळीतले रुपये भराभर आटू लागले. जूनच्या आरंभी ते जेमतेम चार कोटींवर आले. नोटेवर छापलेले वचन म्हणजे मागताक्षणी रुपया देण्याची हमी. ती मोडली असती तर साम्राज्याची पत युद्धाच्या ऐन मध्यावर मोडली असती.

१६/
तारण अमेरिकेच्या तिजोऱ्यांत पडून होते. २३ एप्रिल १९१८ रोजी तेथे एक कायदा झाला. नेवाडाचे सिनेटर की पिटमन यांच्या नावाने तो ओळखला जातो. पस्तीस कोटींपर्यंत चांदीचे डॉलर वितळवण्याची मुभा त्याने दिली. अट एक होती. जितकी चांदी विकली जाईल तितकीच पुढे अमेरिकी खाणींकडून औंसाला एक डॉलर या भावाने सरकारने परत विकत घ्यायची. खाणवाल्यांचा सिनेटर आपल्या खाणींना विसरला नव्हता.

१७/
प्रत्यक्षात वितळले २७,०२,३२,७२२ डॉलर. त्यांपैकी २५,९१,२१,५५४ डॉलरांची चांदी ब्रिटनला हिंदुस्थानासाठी विकली गेली. सुमारे वीस कोटी औंस. आता सव्वादोनाने गुणा. साधारण अठ्ठावन्न कोटी तीस लाख रुपये पाडता येतील एवढी ती चांदी होती. मुंबई आणि कलकत्ता येथल्या टाकसाळी अहोरात्र चालल्या. १९१८ आणि १९१९ या सालांचे रुपये आजही सर्वांत सहज का सापडतात, याचे उत्तर येथे आहे.

१८/
त्या वर्षाचे दुसरे रूपही विसरू नये. १९१८ चा पाऊस दगा देऊन गेला आणि त्याच हंगामात इन्फ्लुएन्झाची साथ आली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशातल्या सर्वाधिक झळ लागलेल्या भागांपैकी एक. भंडारा जिल्हा त्याच प्रांतात होता. आमच्या घरातले तीन रुपये त्या वर्षातच आले की नंतर, हे कोणाला माहीत नाही. पण त्या सालाचा कोरा रुपया ज्यांच्या हाती पडला, त्यांच्या गावांत त्या वर्षी धानही कमी होते आणि माणसेही.

१९/
येथे अभ्यासकाचा प्रामाणिकपणा पाळायला हवा. १९१८ चा अमुक एक रुपया अमेरिकी चांदीचाच आहे, असे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. टाकसाळीत इतर बाजारांतून घेतलेली चांदीही येत होती, परत आलेले झिजके रुपयेही आटवले जात होते. मुशीत सगळे एक होते. ‘पिटमन रुपया’ म्हणून कोणी तुम्हाला चढ्या भावाने नाणे विकू लागला तर हसून पुढे जावे. सांगता येते ते एवढेच की त्या काळातल्या रुपयांच्या राशीत मॉर्गन डॉलर मोठ्या प्रमाणात विरघळले आहेत.

२०/
आणि वितळवताना काय गेले? डॉलर मोजून, तोलून मुशीत टाकले गेले, पण कोणत्या सालाचे आणि कोणत्या टाकसाळीचे किती, याची नोंद ठेवली गेली नाही. त्यामुळे आज मॉर्गन डॉलर गोळा करणाऱ्यांची मोठी पंचाईत होते. अमुक साली इतके लाख नाणी पाडली, हा आकडा कागदावर आहे. त्यांतली वाचली किती, हे कागद सांगत नाही. एखादे साल आकड्यांत भरपूर दिसते आणि बाजारात मिळत नाही. आजीचे वाक्य येथे अक्षरशः खरे ठरते. चांदी उरली, साल गेले.

२१/
कायद्याची दुसरी बाजूही पुरी झाली. चांदी परत विकत घेऊन अमेरिकेने १९२१ साली पुन्हा मॉर्गन डॉलर पाडले, एकाच वर्षात आठ कोटींहून अधिक. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘पीस डॉलर’ हे नवे नाणे आले. आज मॉर्गन डॉलरांत सर्वांत सहज मिळणारे साल १९२१ आहे. अमेरिकेतल्या एखाद्या मुलाच्या संग्रहातला पहिला डॉलर बहुधा याच सालाचा असतो, आणि तो पाडला गेला त्यामागे हिंदुस्थानातल्या रुपयांची टंचाई आहे.

२२/
आता बटव्यातल्या त्या दोन मळकट रुपयांकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा रुपयांची ओढ लागली. १९४० साली सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. उरलेल्या निम्म्यात तांबे, निकेल आणि जस्त. त्याच सुमारास, १९४० नंतरच्या तीनेक वर्षांत, जुने उत्तम चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून बाद केले गेले. लोकांनी ते सरकारजमा करावेत अशी अपेक्षा होती. म्हणजे आज घराघरांत उरलेला प्रत्येक राणीछाप आणि पंचम जॉर्जचा रुपया हा त्या वेळी परत न केलेला रुपया आहे.

२३/
या खेपेसही अमेरिकेनेच चांदी दिली. ‘लेंड-लीज’ व्यवस्थेखाली हिंदुस्थानला सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी मिळाली. मात्र ती विकत नव्हती, उसनी होती. औंसाला औंस परत करायची. युद्ध संपले, देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, पण देणे राहिलेच. मग निमचांदीची नाणी गोळा करून त्यांतली चांदी वेगळी काढण्यात आली. कलकत्त्याच्या अलीपूर टाकसाळीत हे काम चाले. १९५७ पर्यंत ते देणे फिटले. पहिल्या युद्धातली चांदी येथे राहिली, दुसऱ्या युद्धातली परत गेली.

२४/
आता कामाचे बोलू. तुमच्याही घरी असे रुपये असतील. कोणाचा नातलग परदेशातून एखादा मॉर्गन डॉलर घेऊन आला असेल. त्यांची निगा कशी राखायची? सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. आठवीत असताना मी १९१८ चा एक रुपया चिंच आणि राखेने घासून लख्ख केला होता. राजाच्या झग्यावरची बारीक नक्षी, दाढीच्या रेषा, सगळे गुळगुळीत झाले. आजी रागावली नाही. मलाच पुढे काही वर्षांनी त्याचे वाईट वाटले.

२५/
चांदीवर चढणारा काळा थर म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन तो बनतो. तो काढताना नाण्याचा वरचा पापुद्राही निघतो. म्हणून पहिला नियम, नाणे घासू नये. चिंच, लिंबू, राख, दंतमंजन, सराफाकडचे ‘डिप’, पॉलिशचे कापड, काहीच नको. संग्राहक काळसर, एकसारखी झाक आलेले नाणे पसंत करतात. घासलेल्या नाण्याची चमक कृत्रिम दिसते आणि त्याची किंमत उतरते ती कायमची.

२६/
हळदकुंकू, दूध, तेल यांचा राप असेल तर? शुद्ध केलेल्या, म्हणजे डिस्टिल्ड, पाण्यात नाणे काही वेळ ठेवावे, पाणी बदलावे, मऊ सुती कापडावर ठेवून नुसते टिपावे, पुसू नये. चिकट प्लास्टिकचा हिरवट राप असेल तर शुद्ध ॲसिटोन उपयोगी पडते, पण ते ज्वालाग्राही आहे. खिडकी उघडी ठेवून, शेगडीपासून दूर, मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच हे करावे. दिवाळीसाठी आम्ही आता तो घासलेला रुपयाच ठेवला आहे. बाकीचे ताटात येत नाहीत.

२७/
ठेवायचे कशात? नरम, वास येणारे प्लास्टिकचे पाकीट सर्वांत घातक, कारण त्यातून निघणारे द्रव्य चांदीला खाते. रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद, लोकर आणि रंगीत मखमलही टाळावी, कारण त्यांत गंधक किंवा आम्ल असू शकते. आम्लविरहित कागदाची पाकिटे किंवा कडक मायलरचे कप्पे वापरावेत. आमच्याकडे धरणाच्या फुगवट्याजवळ हवा ओलसर असते, म्हणून डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवतो आणि पावसाळ्यात ती बदलतो. नाणे नेहमी काठाने धरावे, बोटांचा घाम पृष्ठभागावर ठसा उमटवतो.

२८/
खरेखोटे कसे ओळखावे? आधी वजन. उत्तम चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम, झिजला असेल तर थोडा कमी. मॉर्गन डॉलर २६.७३ ग्रॅम. दोन ग्रॅमांची तूट म्हणजे झीज नव्हे, फसवणूक. चांदी चुंबकाला चिकटत नाही. पण चुंबकाला न चिकटणारे सगळेच चांदीचे नसते, हेही ध्यानात ठेवावे. मग काठ पाहावा, दाते एकसारखे हवेत आणि मधोमध साच्याची शिवण दिसता कामा नये. पंचम जॉर्जच्या मुंबई टाकसाळीच्या रुपयावर मागल्या बाजूला खालच्या कमळाशी उठावाचा बारीक ठिपका असतो. कलकत्त्याच्या रुपयावर तो नसतो.

२९/
मॉर्गन डॉलरवर टाकसाळीची खूण गरुडाखालच्या हाराच्या तळाशी शोधावी. ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ‘ओ’ म्हणजे न्यू ऑर्लीन्स, ‘सीसी’ म्हणजे नेवाडातले कार्सन सिटी. ‘डी’ म्हणजे डेन्व्हर, पण ती फक्त १९२१ च्या नाण्यांवर. खूण नसेल तर फिलाडेल्फिया. कार्सन सिटीची नाणी दुर्मिळ, म्हणून नकलाही त्यांच्याच जास्त. राम-सीता, हनुमान यांच्या प्रतिमा आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ अशी अक्षरे असलेले तुकडे तर नाणीच नव्हेत. कंपनीने अशी नाणी कधी पाडली नाहीत.

३०/
‘जुने नाणे द्या, लाखो रुपये मिळवा’ अशा जाहिरातींपासून दूर राहा. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये अशा व्यवहारांबद्दल जनतेला जाहीर इशारा दिला होता. जुनी नाणी विकत घेण्याच्या नावाखाली बँकेचे नाव वापरून शुल्क मागितले जाते आणि पैसे जातात. १९१८ चा साधा, झिजलेला रुपया दुर्मिळ नाही. त्याची बाजारातली किंमत बहुधा चांदीच्या आसपासच असते. दुर्मिळ पाहायचा तर १९११ चा पंचम जॉर्ज. त्यात राजाच्या गळ्यातल्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि पुढच्या वर्षी साचा बदलला गेला.

३१/
कायदाही माहीत असावा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीचे नाणे हा पुरावशेष ठरतो आणि तो खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे १९१८ चा रुपया २०१८ पासून पुरावशेष आहे. अमेरिकेतल्या भावंडाला तो भेट म्हणून पाठवू नका. जमिनीत पुरलेले धन सापडले तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. वारशाने आलेला बटवा ही वेगळी गोष्ट, पण पाया खणताना सापडलेले मडके हे गुपचूप वाटून घेण्याचे धन नव्हे.

३२/
या शेवटच्या मुद्द्याला आपल्या भागात वेगळे वजन आहे. गोसीखुर्दपासून जवळच पवनी आहे. तेथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन करून बौद्ध स्तूप उजेडात आणला. दोन हजार वर्षांपूर्वी या काठावर नाणी खेळत होती. मडके मातीतून काढून सराफाकडे नेले की उरते फक्त वजन. ते कोणत्या थरात होते, शेजारी काय होते, कोणी पुरले असेल, हे सारे मुशीत जाते. नागपूरच्या अजब बंगल्यातली नाणी पाहाल तेव्हा लक्षात येईल की त्यांचे मोल त्यांच्याशेजारच्या नोंदीत आहे.

३३/
म्हणून शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची निगा म्हणजे चिठ्ठी. नाण्याच्या पाकिटात एक आम्लविरहित कागद ठेवा. त्यावर पेन्सिलीने लिहा की हे नाणे कोणाकडून आले, कोणत्या गावात होते, कधी, कशासाठी जपले. भोक पाडलेले असेल, कडी लावलेली असेल तर ती काढू नका. बाजार त्याला खराब नाणे म्हणेल. पण एखाद्या बाईने ते वीस वर्षे गळ्यात घातले होते, ही माहिती टाकसाळीच्या कोणत्याही अहवालात मिळणार नाही.

३४/
छताचे काय झाले? काकांचे म्हणणे खोटे नव्हते. पावसात इतिहास अंगावर घेऊन झोपता येत नाही. शेवटी मी सातही नाण्यांची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढली, वजने घेतली, आजीला विचारून एकेकाची नोंद लिहिली. निमचांदीचे दोन रुपये आजीने स्वतः वेगळे काढून दिले. ते मोडले. एवढ्याने पत्रे येणार नव्हतेच. उरलेले काकांनी हप्त्याने भरले. पाच नाणी राहिली.

३५/
नोंद लिहिताना मी आजीला १९१८ च्या रुपयाबद्दल सांगितले. ही चांदी कदाचित अमेरिकेतून आली असेल, तिकडच्या खाणीतून निघाली असेल, तिकडच्या बाईचा मुखवटा तिच्यावर असेल, तो वितळवून येथला राजा उमटवला असेल. तिने रुपया उलटापालटा करून पाहिला आणि विचारले, “मंग त्या बाईचं नाव गाव कोणी लिहून ठेवलं होतं का?” नाही, म्हटले. तिने माझ्या हातातली पेन्सिल पाहिली आणि आमच्या बुडालेल्या गावाचे नाव नीट लिहिले आहे ना, हे पुन्हा एकदा विचारून घेतले.

३६/
तुमच्या घरातल्या जुन्या रुपयावर कोणते साल आहे, आणि तो घरात कसा आला, हे उत्तरात जरूर लिहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा. नाणे उद्याही असेल. सांगणारे माणूस असेलच असे नाही.